तमोघ्न या रविवारी नक्की मरेल

२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ

गेम संपला. तमोघ्न वाचला.

आजपासून नोंदी ठेवणार. कोणाला दाखवायला नाही. पण अक्षर चांगलं काढायचं, कारण पुढेमागे माझ्या कामाची दखल घेतली गेली तर उपयोगी पडेल.

गेम चालवणाऱ्याला मास्टर म्हणतात. तो मी. बाकीचे चौघे एकेक पात्र घेऊन बसतात. आकाश, पाऊस, राजे, राक्षस आणि त्यांचे घोडे, हे सगळं मी एकटा. कोणाला काही करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला की जमलं, लहान आला की फसलं. माझा फासा मी बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून त्याच्यामागे टाकतो. मास्टरचा फासा कोणी पाहायचा नसतो.

खुशाल, माझा शाळेपासूनचा दोस्त, राइस मिलमध्ये मेकॅनिक, तो सरदार खड्गसिंग. रेणू, माझी बायको, ती जडीबुटीवाली वनमाला. तिचा भाऊ विक्की पोलीस भरतीची तयारी करतो, तो जादूगार. आणि केशोरीच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या नूतनताई, त्या चोर. दुसरं काही देऊन पाहिलं, चोरच पाहिजे म्हणाल्या.

या सगळ्यांचा दुश्मन महामात्य तमोघ्न. काळा झगा, खोल आवाज, कधी घाई नाही. पहिल्याच रविवारी त्यानं खड्गसिंगचं गाव जाळलं आणि त्याच्या बहिणीला उचलून नेलं. तेव्हा पावसाळा होता. आता धान कापणीला आलं, खुशाल अजून त्याच्या मागेच आहे. याला म्हणतात पकड.

आज बुरुजावर दोघं समोरासमोर. खुशालचा फासा अठरा. वार लागला, तमोघ्न कठड्यावरून गेला. वाचतो का पाहायला मी पुठ्ठ्यामागे फासा टाकला. तीन.

मी सोळा म्हटलं.

खालून एक मोठं गिधाड आलं आणि तमोघ्नला घेऊन गेलं.

विक्कीनं गिधाडाच्या वजनावर वाद घातला. खुशाल चहा पिला, बरं म्हणाला, गाडीला किक मारून गेला. ते 'बरं' मला जरा लागलं. पण तमोघ्नसारखा माणूस असा बुरुजावरून वाया घालवायचा नसतो. पुढच्या रविवारी मरेल. नक्की.

३ नोव्हेंबर, सोमवार. दुकानात

खत-बियाण्याला गिऱ्हाईक कमी. मन लागत नाही. तीनचं सोळा करणं हे खोटं बोलणं आहे का, यावर विचार केला. नाही. ते संपादन आहे.

तरी दुपारी खुशालला फोन केला. सहज. मिलमध्ये पट्टा तुटला होता, त्याला बोलायला वेळ नव्हता. बरं वाटलं. म्हणजे त्याच्या डोक्यात गिधाड नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

गेम नाही. पलीकडच्या गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, सगळे तिथल्या नाटकाला गेलो. त्यातला खलनायक तिसऱ्या अंकात मेला, पण शेवटी सगळे रांगेत उभे राहिले तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. मी हे रेणूच्या नजरेस आणून दिलं. ती म्हणाली, मेला म्हणून टाळ्या पडून राहिल्या.

मलाही गावच्या नाटकात एकदा घेतलं होतं. पहारेकरी. एकच वाक्य होतं, 'महाराज, कोणीतरी येत आहे.' प्रयोगाच्या दिवशी महाराज आधीच उठून गेले, त्यामुळे ते वाक्यही राहिलं. याचा इथे काही संबंध नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज तमोघ्नला मारायचंच असं ठरवून बसलो होतो. हे मी शपथेवर लिहितो.

नूतनताईंनी फार हुशारीनं डाव मांडला. पहारेकऱ्यांना गुंगीचं सरबत रेणूनं पाजलं, किल्ल्या ताईंनी उडवल्या, विक्कीनं दार जादूनं बंद केलं. तमोघ्न झोपेत सापडला. खुशालनं त्याला उठवलं. झोपेत मारणार नाही म्हणाला. मग फासा टाकला, सतरा. मुंडकं उडालं.

घरात एवढा ओरडा झाला की शेजारच्या जमुनाबाई कोण पास झालं विचारायला आल्या.

मी तमोघ्नच्या नोंदींकडे पाहिलं. चार पानं. त्याचं बालपण, त्याला आवडणारी अत्तरं. त्याचं एक भाषण तर अजून वापरलंच नव्हतं.

मी म्हटलं, हा त्याचा जुळा भाऊ होता.

विक्कीनं विचारलं, जुळा भाऊ कवापासून? मी म्हटलं, जन्मापासून.

नूतनताई जाताना म्हणाल्या, इंद्रकुमारजी, 'तमोघ्न' म्हणजे अंधाराचा नाश करणारा. सूर्याचं नाव आहे ते. मी म्हटलं, माहीत आहे, मुद्दाम दिलंय, पात्राला खोली येते. (माहीत नव्हतं. पण खोली आलीच.)

खुशाल आजही बरं म्हणाला. पण आज चहा पिला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रात्रीच्या भाजीला वांगी चिरता चिरता रेणूनं सांगितलं की खुशालभाऊ रायपूरला चालले. मोठ्या मिलमध्ये नोकरी लागली. डिसेंबरच्या शेवटी निघणार, प्रेरणावहिनीही सोबत, घर बंद.

माझ्या मनात आलं, मग तमोघ्नला मारणार कोण?

हे पहिलं आलं. दोस्त चालला, बालपण संपलं वगैरे नंतर आलं. आलं, पण नंतर. हे लिहून ठेवतो, कारण प्रामाणिकपणा हा माझा स्वभाव आहे.

रेणू म्हणाली, तुमी त्याले एकदा तं जिंकू द्या. तिथं मिलमध्ये मालकाचं ऐकते, घरी बापाचं ऐकते, इथं येऊन तुमच्या गिधाडाचं ऐकते.

मी म्हटलं, गेममध्ये जिंकणं-हरणं नसतं, अनुभव असतो.

ती म्हणाली, वांगं घ्या, कापा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खुशाल दुकानात आला होता. युरियाच्या पोत्यावर बसला. रायपूरचं सांगितलं, मी आताच ऐकतोय असं तोंड केलं. मग फवारणीच्या पंपाकडे पाहत म्हणाला, इंद्रू, जाण्याआधी त्या तमोघ्नचं होऊन जाऊ दे.

मी म्हटलं, अरे देतो की! पुढच्याच रविवारी!

तो म्हणाला, देऊ नको ना बे. फक्त वाचवू नको.

गेल्यावर बराच वेळ पोत्यावर त्याच्या बसण्याचा खोलगट ठसा राहिला होता. मी पोतं फिरवून ठेवलं.

म्हणजे त्याला ठाऊक आहे? नाही, ठाऊक नसावं. पुठ्ठा चांगला जाड आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

मिलमध्ये नवीन धानाची गर्दी, खुशालला सुट्टी नाही. गेम रद्द. मला हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याचं वाईट वाटलं. दुपारभर झोपलो.

ठराव: १. पुठ्ठा काढून टाकायचा. २. फासा सगळ्यांसमोर टाकायचा. ३. तमोघ्नला आणखी नातेवाईक नाहीत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मरणाचं भाषण लिहून झालं. फार सुंदर उतरलं आहे. गोदामात पोत्यांसमोर तालीम केली. 'खड्गसिंगा, माझं रक्त तुझ्या हातावर नाही, तुझ्या आयुष्यावर सांडलं आहे!' इथे मला स्वतःलाच गहिवरून आलं. मागे वळलो तर दारात बिसरामजी पटले उभे. तुडतुड्याचं औषध घ्यायला आले होते. मी खोकलो. ते म्हणाले, तुमचं होऊ द्या, मी उद्या येतो.

३० नोव्हेंबर, रविवार

पुठ्ठा काढला नाही. कारण तांत्रिक आहे. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला माझ्या नोंदी चिकटवल्या आहेत.

तमोघ्नपर्यंत आज पोचलोच नाही. त्याच्या मरणाला जागा शोभेशी पाहिजे, म्हणून त्याला डोंगरातल्या काळ्या महालात नेऊन ठेवलं. वाटेत एक नदी, नदीवर नाव नाही, नाव करायला लाकूड नाही, लाकूड तोडायला वनदेवीची परवानगी नाही. वनदेवी झोपलेली. चौघांनी पूर्ण दुपार वनदेवी उठण्याची वाट पाहिली. मध्येच विक्की उठून ग्राउंडवर पळायला गेला.

खुशालनं फक्त विचारलं, उठते का ही?

मी म्हटलं, उठेल.

७ डिसेंबर, रविवार

वनदेवी उठली. नदी पार. महालाच्या पायऱ्या चढायला लागलो तेव्हा चहाची वेळ झाली.

खुशाल आज त्याची तलवार कशी आहे ते सांगत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मूठ बापानं केलेली, एका बाजूला चेपलेली, कारण बहीण लहान असताना तिनं ती पाट्यावर आपटली होती. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. त्यानं स्वतःच बसून विचार केला होता, मिलमध्ये, पट्टे बदलता बदलता. तो बोलत होता आणि रेणू, ताई, विक्की सगळे ऐकत होते. मीही ऐकलं. मग मी म्हटलं, ठीक आहे, पण तमोघ्नची तलवार उल्केच्या लोखंडाची आहे.

हे म्हणायची गरज नव्हती. आता लिहिताना कळतं.

१४ डिसेंबर, रविवार

आज माझं डोकं दुखत होतं. खरंच दुखत होतं. गेम रद्द करावा लागला.

रेणूनं झंडू बाम आणून दिला आणि कपाळाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

२१ डिसेंबर, रविवार

खुशालचा शेवटचा रविवार.

सकाळी आंघोळ करून पुठ्ठा फाडला. दोन तुकडे केले. रेणूला दाखवले. ती म्हणाली, बंबात टाका, पाणी तापन.

काळा महाल. दरबार. तमोघ्न सिंहासनावर. मी भाषण केलं. पूर्ण. पोत्यांसमोर झालं त्याच्यापेक्षाही चांगलं झालं. कोणी जांभई दिली नाही, एकट्या विक्कीनं दिली. बाकी तिघांनी आपापले शिपाई अडवून धरले आणि ताई म्हणाल्या, जा खुशालभाऊ.

खुशालनं फासा मुठीत धरला. पुटपुटला काहीतरी. टाकला. फासा ताटलीला लागून फिरला आणि थांबला.

वीस.

वीसच्या वर काही नसतं. रेणू उभी राहिली. विक्कीनं खुशालला पाठीमागून मिठी मारली. खुशाल माझ्याकडे पाहत होता. हसत नव्हता, नुसता पाहत होता, रिझल्टच्या दिवशी पोरं बोर्डाकडे पाहतात तसं. त्याच्या तोंडावर असं काही मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं.

मी तोंड उघडलं, 'मेला' म्हणायला. जिभेवर होता शब्द.

मी म्हटलं, तलवार आरपार गेली आणि रक्त आलं नाही. कारण ती तमोघ्नची सावली होती.

विक्कीनं मिठी सोडली. बाहेर कोणाचा तरी थ्रेशर चालू होता, तेवढाच आवाज.

खुशालनं फासा उचलला, माझ्या डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं. त्याची खड्गसिंगची वही घेतली नाही. रेणूला म्हणाला, येतो वहिनी. मला म्हणाला, बरं.

गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

२२ डिसेंबर, सोमवार

सावलीची कल्पना मुळात वाईट नव्हती. पुढे तिचा फार उपयोग करता आला असता.

रेणू बोलत नाही. विक्कीनं मला भाऊजी म्हणायचं सोडून तुमी-तुमी सुरू केलं आहे. नूतनताई दुकानावरून गेल्या, कुंड्यांसाठी खत घेणार होत्या, घेतलं नाही.

जेवताना रेणूनं शेवटी तोंड उघडलं. म्हणाली, मले एक सांगा. तो कागदावरचा माणूस मेला असता तं तुमाले काय झालं असतं? मी विचार केला. खरं उत्तर आलं ते असं, की तमोघ्न बोलतो तेव्हा सगळे गप्प बसून ऐकतात. इंद्रकुमार बोलतो तेव्हा लोक युरियाचा भाव विचारतात. हे मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, कथेचं नुकसान झालं असतं.

तिनं ताट उचललं. माझं अर्धं व्हायचं होतं.

२४ डिसेंबर, बुधवार

आज दुकान बंद ठेवून गोंदियाला गेलो. खुशालची रायपूरची गाडी होती. जायचं कारण दोस्ताला निरोप. खिशात फासा होता तो सहज.

प्लॅटफॉर्मवर दोघं सामानाजवळ. एक लोखंडी पेटी, नवीन तांदळाची चुंगडी, बादलीत भांडी. मला पाहून खुशाल उठला, कायले आला बे एवढ्या दूर, म्हणाला. मी प्रेरणावहिनींना नमस्कार केला. मग सरळ म्हटलं, इथं खेळू. पुठ्ठा नाही. सावली नाही. तू आणि तो.

खुशाल म्हणाला, लोकं पाहून राहिले ना.

मी फासा पेटीवर ठेवला.

प्रेरणावहिनी म्हणाल्या, खेळून घ्या एकदाचं, तीन दिवस झाले धड जेवून नाही राहिले हे.

हे ऐकल्यावर मला पेटीवरच बसावंसं वाटलं, पण पेटी लागणार होती.

खुशालनं टाकला. चार. वार हुकला. मी टाकला, त्याच्या डोळ्यांसमोर. नऊ. माझाही हुकला. एक चहावाला थांबला, म्हणाला, भैया, ये कौन सा लूडो है? खुशालनं पुन्हा टाकला. सात. मी मनातल्या मनात म्हणत होतो, ये बाबा, वीस ये, अठरा ये, काहीही ये त्याला. इतक्या मनापासून मी तमोघ्नसाठीही कधी मागितलं नव्हतं.

मग माझी पाळी. टाकला.

वीस.

आमच्या चौघांच्या समोर, चहावाला धरून. काळा वीस, पांढऱ्या फाशावर, मधोमध पेटीच्या.

नियमानं खड्गसिंग मेला होता.

मी म्हटलं, तो फक्त बेशुद्ध. खुशालनं माझा हात धरला. नाही, म्हणाला. मेला तो. आता त्यालेही वाचवू नको.

गाडी आली. पेटी मीच चढवली, चुंगडी चढवताना माझं बोट चेंगरलं, बरं झालं. खुशाल खिडकीत बसला. हसत होता. काऊन हसून राहिला, विचारलं, तर म्हणाला, पहिल्यांदा भेव वाटलं बे. खरंखुरं.

गाडी हलल्यावर त्यानं बाहेर तोंड काढून ओरडून सांगितलं, बहीण तेवढी सोडव!

बहीण. जिला पहिल्या रविवारी उचलून नेलं होतं. परतीच्या बसमध्ये मी आठवत राहिलो की मी तिला ठेवलं कुठे होतं. कुठेच नव्हतं ठेवलं. नोंदींत तमोघ्नच्या अत्तरांची नावं आहेत. तिचं नाव नाही.

२८ डिसेंबर, रविवार

कोणी आलं नाही. मी बोलावलंही नव्हतं. वाट मात्र पाहिली.

बहिणीचं नाव ठरवलं: प्रभा. तिला एक खोली, एक खिडकी आणि तिचा स्वतःचा स्वभाव दिला. उशीर झाला आहे, पण केलं.

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

रेणूनं सगळ्यांना निरोप दिला. माझ्यासाठी नाही, बहिणीसाठी, असं स्पष्ट सांगून.

प्रभा सुटली. ताईंनी कुलूप उघडलं, विक्कीनं पहारेकऱ्यांना बेडूक केलं, रेणूनं तिला पांघरूण दिलं. फार वेळ लागला नाही. इतक्या महिन्यांत कधीही करता आलं असतं. तिला भाऊ गेल्याचं रेणूनंच सांगितलं, आणि काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही.

त्यानंतर मी तमोघ्नला आणलं. ठरवून आलो होतो की तिघांपैकी कोणीही हात उचलला की तो मरणार, फासा काहीही पडो. वीज कडाडली, दारं उघडली, तो आला.

विक्की म्हणाला, नमस्ते साहेब.

मी एक गाव जाळलं. रेणू म्हणाली, लोकं बाहेर काढले ना? आणि लसूण सोलत राहिली. मी तमोघ्नकडून त्या तिघांचा घोर अपमान केला. ताईंनी पेपरचा गठ्ठा काढून तपासायला घेतला. मी विचारलं, अहो, कोणी लढणार नाही का याच्याशी? ताई मान वर न करता म्हणाल्या, तो खुशालभाऊंचा होता.

मग मी तमोघ्नला सिंहासनावर नेऊन बसवलं. दरबार रिकामा. मी त्याचा खोल आवाज लावला, पण तो नीट लागला नाही. तमोघ्न म्हणाला, तो इथे होता तेव्हा बरं होतं. आता कोणी येत नाही.

विक्कीनं विचारलं, भाऊजी, हे गेममध्ये म्हणून राहिले, का असंच?

मी म्हटलं, गेममध्ये.